बाकी घराची, शिक्षा लेकराची

चुडाव्याच्या एका अंगाला पूर्णा, दुसऱ्या अंगाला नांदेड. गावात रेल्वे स्टेशन आहे, पण सकाळी लेकरं जातात ती व्हॅननं आणि स्कूलबसनं. जिल्हा परिषदेची शाळा गावातच आहे. तरी ज्याच्या हातात चार पैसे खेळतात, तो लेकराला इंग्रजी शाळेत घालतो, आणि ज्याच्या हातात खेळत नाहीत तोही उसनवारी करून घालतो. ही फी सोयाबीन, हळद, कापसाच्या पैशावर चालते. सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीत मराठवाड्याचं सोयाबीन शेतातच सडलं, तेव्हा अनेक घरांचे फीचे हप्तेही त्याच पाण्यात गेले.

शाळेनं लेकराला वाईट वागवलं की अशा घरांत दोन मतं उभी राहतात. एक म्हणतं, गप राहा. दुसरं म्हणतं, जाब विचारा. दोन्हींमागं अनुभव आहे, म्हणून त्यांना इथं समोरासमोर बसवलं आहे. मामा खासगी शिक्षणसंस्थेत लेखनिक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. भाची शेतकरी घरातली, तिची मुलगी चौथीत. हे दोघं म्हणजे कुणी ठरावीक माणसं नाहीत आणि त्यांच्या बोलण्यातली शाळाही कुणी ठरावीक नाही. त्यांचं बोलणं मात्र पूर्णा तालुक्यातल्या कुठल्याही ओसरीवर ऐकू येईल असं आहे.

भाची : चाचणी चालू होती मामा. बाईंनी फी बाकी असलेल्यांची नावं वर्गात वाचली आणि त्या लेकरांना व्हरांड्यात उभं केलं. आमचीही त्यात. पेपर संपेपर्यंत उभी. घरी आली तर एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, पोट दुखतंय. व्हॅन दारात हॉर्न वाजवत राहिली. मला कळलं ते तिच्या वर्गातल्या एका पोरीच्या आईकडून.

मामा : वाईट झालं. पण आधी सांग, बाकी किती?

भाची : दुसरा हप्ता आणि तिसरा.

मामा : म्हणजे निम्म्याहून जास्त. मग शाळेनं मागू नये का? मी त्या टेबलामागं बसलेला माणूस आहे, बाई. महिन्याच्या सुरुवातीला शिक्षक माझ्यापुढं येऊन उभे राहायचे. कुणाची आई दवाखान्यात, कुणाचा गाडीचा हप्ता. संस्थेला अनुदान नाही. आरटीईखालच्या मोफत जागांचे पैसे सरकार वर्षानुवर्षं थकवतं. फी आली नाही तर पगार कुठून द्यायचा? तुझ्या पोरीला उभं करणाऱ्या त्या बाईंना महिन्याला किती मिळतात, विचारून बघ. तुला तिचीही दया येईल.

भाची : दया आत्ताही येते. फी मागू नका असं मी कुठं म्हणायलीय? मागा, पण मला मागा. शाळेकडं माझा नंबर आहे, ह्यांचा आहे. नोटीस पाठवा, घरी माणूस पाठवा, आम्हाला ऑफिसात बोलवून चार शब्द सुनवा, ऐकून घेऊ. बाकी आमची आहे. लेकरू का उभं? सोयाबीन काय तिनं भिजवलं?

मामा : लेकराला बोललं की आईबाप पैसे आणतात. सगळ्या संस्थांना हे ठाऊक आहे. मी बरोबर आहे असं म्हणत नाही. चालतं कसं ते सांगतोय.

मामांचं हे शेवटचं वाक्य नीट ऐकण्यासारखं आहे. व्हरांड्यात उभं करणं ही रागाच्या भरात झालेली चूक नसते, ती वसुलीची रीत असते, आणि ती चालते म्हणूनच टिकते. वयाच्या नवव्या वर्षी आपल्यामुळं घराला लाज आली असं वाटलं की लेकरू घरी जाऊन असं काही गप्प होतं की बाप दुसऱ्या दिवशी सावकाराकडं जातो.

कायद्याचं म्हणणं इथं अजिबात संदिग्ध नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, म्हणजेच आरटीई, २००९चा, लागू झाला १ एप्रिल २०१०पासून. त्याच्या कलम १७नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे. छळ करणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई करावी, असंही त्यातच लिहिलेलं आहे. फीसाठी लेकराला सगळ्यांपुढं उभं करणं छळात मोडतं का, असा प्रश्न शाळावाले करतात. जून २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर द्वारका भागातल्या एका नामांकित शाळेचं प्रकरण होतं. वाढीव फी न भरलेल्या मुलांना दारातच अडवण्यासाठी शाळेनं बाउन्सर उभे केले होते. शाळेला रास्त फी घेण्याचा अधिकार आहे, हे न्यायालयानं मान्य केलं. पण फी थकली म्हणून मुलाला चारचौघांत लाजवणं किंवा धाक घालणं हा मानसिक छळ आहे, असंही बजावलं. मामा आणि भाची या दोघांच्याही बोलण्यातलं खरं न्यायालयानं एकाच निकालात वेगळं करून दाखवलं.

मामा : कोर्ट काहीही म्हणो, शाळेचा वर्ग कोर्टात भरत नाही. उद्या सकाळी पोरगी त्याच बाईंच्या पुढं बसणार. तू तक्रार केलीस तर बाई तिला मारणार नाहीत, रागावणारही नाहीत. नुसतं तिच्याकडं बघणंच सोडून देतील. हात वर केला तरी विचारणार नाहीत. स्नेहसंमेलनात मागच्या रांगेत. त्याचा अर्ज कुठल्या ऑफिसात देशील?

भाची : तसं होईल. होतंही. पण मी गप बसले तर काय होईल, तेही सांगा. पुढच्या चाचणीला पुन्हा उभी करतील, कारण मागच्या वेळी कुणी बोललं नाही.

मामा : आमच्या वेळी छड्या खाल्ल्या आम्ही. अंगठे धरून उभे राहिलो. मेलो का? उलट हातून काही घडलं. आता गुरुजींनी डोळे वटारले तरी आईबाप मोबाइल घेऊन शाळेत. सगळ्यालाच अन्याय म्हणायला लागलात तर शिकवणार कोण?

भाची : सगळ्याला म्हणत नाही. गृहपाठ केला नाही म्हणून बाई ओरडल्या तर मी तिलाच रागावते. पण दोन गोष्टी बघते मी. चूक लेकराची होती का? आणि जिच्या बापाची ओळख आहे, तिच्याकडूनही तीच चूक झाली तर तिलाही हेच भोगावं लागतं का? ह्या वेळी दोन्हींचं उत्तर नाही असं आहे. फी तर नगरसेवकाच्या पोराचीही बाकी होती. तो वर्गात बसून पेपर लिहीत होता.

मामा : आता ह्यावर मी काय बोलू.

भाची : आणि छड्या खाऊन कुणी मरत नाही म्हणता. वसईची पोर आठवा.

नोव्हेंबर २०२५मध्ये वसईतल्या एका खासगी शाळेत सहावीतली मुलगी उशिरा आली. तिला दप्तरासह शंभर उठाबशा काढायला लावल्याचा आरोप झाला आणि काही दिवसांनी ती रुग्णालयात मरण पावली. त्याच वर्षीच्या जुलैत शहापूरच्या एका शाळेत मासिक पाळी कुणाला आली हे शोधण्यासाठी मुलींचे कपडे उतरवून तपासणी झाली आणि मुख्याध्यापिकेला अटक झाली. दोन्ही शाळा खासगी. दोन्हीकडं सुरुवात ‘शिस्त’ या नावानंच झाली होती. मामांच्या पिढीनं छड्या खाल्ल्या हे खरं. पण त्या छड्यांमुळं शाळा सोडून गुरांमागं गेलेली मुलं आज ओसरीवर बसून आठवणी सांगायला नाहीत, हेही तितकंच खरं. वाचलेल्यांच्या आठवणींवरून शिक्षेचा हिशेब करता येत नाही.

मामा : बरं, शिस्तीचं सोड. जीवाचं सांगतो. झिरो फाटा विसरलीस?

इथं दोघंही थांबतात. पूर्णा तालुक्यातला कुणीही पालक इथं थांबेल.

परभणी–वसमत रस्त्यावरचा झिरो फाटा हा पूर्णा तालुक्यातलाच. तिथल्या एका निवासी शाळेत १० जुलै २०२५ला उखळद गावचे एक पालक गेले. त्यांची मुलगी तिथं तिसरीत होती. तिला काढून घ्यायचं होतं, म्हणून ते दाखला आणि भरलेल्या फीतली रक्कम परत मागत होते. तिथं त्यांना मारहाण झाली आणि त्यांचा मृत्यू झाला. संस्थाचालक आणि त्यांच्या पत्नीवर पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदवला. दोष ठरवणं न्यायालयाचं काम आहे, ते न्यायालय करील. पण एक बाप मुलीचा दाखला मागायला शाळेत गेला आणि जिवंत परत आला नाही, एवढं ह्या तालुक्यानं पाहिलं आहे.

मामा : म्हणून सांगतो. फी कशीतरी भर. वर्ष काढ. एप्रिलमध्ये गुपचूप दाखला घे आणि दुसरीकडं घाल. ह्या लोकांशी वैर नको. संस्थावाल्याची ओळख आमदारापासून ठाण्यापर्यंत असते. तुझ्याकडं काय आहे?

भाची : झिरो फाट्याचं मीही रोज आठवते मामा. पण मला त्यात दुसरंच दिसतं. त्या माणसाचं मागणं चुकीचं होतं का? कायद्यानं ताबडतोब द्यायचा असतो तो दाखला त्यानं मागितला. मागणं बरोबर होतं, तरी ते नुसतं बरोबर असून भागलं नाही. मी घाबरायचं ते मागायला नाही, एकटं जायला. मी ह्यांना सांगून ठेवलंय, रागाच्या भरात त्या ऑफिसात पाय टाकायचा नाही. मीही टाकणार नाही.

मामा : मग करणार काय?

भाची : तुमच्याकडून अर्ज लिहून घेणार.

या मागणीनं मामा गोंधळतात, कारण आयुष्यभर त्यांनी दुसऱ्या बाजूनं अर्ज घेतले आहेत. आणि माझ्या मते त्यांचा खरा उपयोग इथंच आहे. गप राहा म्हणणारी माणसं पुष्कळदा भित्री नसतात. कागद कुठं अडतो हे त्यांनी आतून पाहिलेलं असतं. ती माहिती गप्प बसवायला वापरायची की बोलायला, एवढाच प्रश्न असतो.

मामा : लिहून देईन. पण मी लिहीन तसंच द्यायचं. शिवीगाळ नाही, ‘हिटलरशाही’ वगैरे शब्द नाहीत. मुख्याध्यापकांच्या नावे. कोणत्या तारखेला, कोणत्या वर्गात, कोणत्या तासाला, कुणी काय केलं, कुणी पाहिलं. आपण स्वतः काय पाहिलं आणि लेकरानं काय सांगितलं, हे वेगवेगळं लिहायचं. मग मागणी. त्याशिवाय अर्ज म्हणजे नुसतं रडगाणं. काय मागणार तू?

भाची : चाचणी पुन्हा घ्या. फीचं जे बोलायचं ते आमच्याशी बोला. वर्गात नावं वाचू नका.

मामा : आणि उरलेली फी किती हप्त्यांत, कोणत्या तारखेला देणार, तेही त्यातच लिही. म्हणजे बुडवायला बघतात असं म्हणायला जागा राहत नाही. दोन प्रती काढ. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्यायचा. आवक नोंदवहीत चढलेला अर्ज हरवायला फार हिंमत लागते. शिक्का देत नाहीत म्हणाले तर वाद घालायचा नाही, सरळ निघून यायचं आणि पोस्टानं पाठवायचा. पूर्वी आम्ही रजिस्टर करायचो. आता ते स्पीड पोस्टात मिळवलंय. पावती मात्र जपून ठेव.

भाची : आणि त्यांनी काहीच केलं नाही तर?

मामा : पूर्णा पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी. त्यांच्या वर परभणीला जिल्हा परिषदेत प्राथमिकचे शिक्षणाधिकारी. त्यांच्या वर संभाजीनगरला उपसंचालक. पण सांगून ठेवतो, साहेब म्हणतील खासगी शाळा आमच्या हातात नाही.

साहेब असं म्हणतात खरं, पण ते बरोबर नाही. शाळेला आरटीईखालची मान्यता शिक्षण विभागच देतो आणि अटी मोडल्या तर ती काढून घेण्याचा अधिकारही त्याच्याकडं आहे. कलम ३२प्रमाणे बालकाच्या हक्काबाबत कुणीही स्थानिक प्राधिकरणाकडं लेखी गाऱ्हाणं मांडू शकतं. प्राधिकरणानं दोन्ही बाजूंना संधी देऊन तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडं अपील होतं. तीन महिने म्हणजे लेकराच्या वर्षाचा एक मोठा तुकडा, हे मलाही कळतं. तरी लेखी गाऱ्हाण्याला तारीख असते आणि तोंडी गाऱ्हाण्याला नसते.

एक गोष्ट मात्र मामांच्या ह्या शिडीतून वेगळी काढली पाहिजे. मारहाण झाली असेल, अंगाला नको तिथं हात लावला असेल, तर मुख्याध्यापक, पंचायत समिती ह्या पायऱ्या चढत बसायचं नाही. थेट पोलीस ठाणे. लेकराला मदत लागली तर १०९८ हा क्रमांक आहे. लैंगिक अत्याचाराची माहिती असून ती दडवणं हा २०१२च्या पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तो नियम शाळेलाही लागू आहे. बदलापुरात ऑगस्ट २०२४मध्ये शाळेत अत्याचार झालेल्या लहान मुलींच्या पालकांना ठाण्यात कित्येक तास ताटकळत बसावं लागलं. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळावर उतरले तेव्हा सरकार हललं. प्रत्येक शाळेत तक्रारपेटी असावी, मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती असावी, हे आदेश त्याच्या आधीपासून होते. पेटी भिंतीवर असते. ती उघडतं कोण, कधी, कुणासमोर, हे पालकांनी विचारायचं असतं.

मामा : आणखी एक. पोरीला विचारलंस का?

भाची : विचारलं. मला वाटलं म्हणेल, काढ मला तिथून. तर म्हणाली, शाळा नाही सोडायची. तिची मैत्रीण आहे तिथं, आणि गणिताच्या सरांचा तास तिला फार आवडतो. म्हणाली, फक्त पुन्हा नाव वाचू नका म्हणावं.

मामा : म्हणजे तिला ना माझं पटलं, ना तुझं.

भाची : माझं अर्धं पटलं तिला.

अशा भांडणात मोठी माणसं आपल्याच अपमानाचा हिशेब चुकता करायला निघतात. संस्थाचालकाला धडा शिकवायचा असतो, गावात मान राखायचा असतो. त्यात लेकराला काय हवं आहे, हे कुणी विचारत नाही. शाळेत राहायचं की नाही, याचा निर्णय नऊ वर्षांच्या मुलीवर सोपवता येत नाही. पण तिचं ऐकल्याशिवाय तो घेताही येत नाही. ह्या मुलीनं मागितलं ते इतकं थोडं आणि इतकं नेमकं होतं, की अर्जाची तिसरी मागणी तिच्याच शब्दांत लिहिली तरी चालेल.

मामा : समज, सगळं करून राहणं जमलंच नाही. मग दाखला अडवतील. बाकी भरल्याशिवाय टीसी नाही. मी स्वतः अशा टीसी कपाटात कुलूप लावून ठेवल्यात, वरून हुकूम होता म्हणून.

भाची : टीसी अडवता येत नाही ना पण?

मामा : येत नाही. आणि गावच्या जिल्हा परिषद शाळेला तिची वाट बघायचीही गरज नाही. आरटीईचं कलम ५. मुख्याध्यापकानं दाखला ताबडतोब द्यायचा, उशीर केला तर त्याच्यावर कारवाई, आणि दाखला आला नाही म्हणून नव्या शाळेनं प्रवेश अडवायचा नाही. मला तोंडपाठ आहे. तेव्हाही होतं.

भाची : मग आपल्याच शाळेत का घातलं नाही तिला, असं मला रात्री वाटतं. दोन पावलांवर शाळा. फी नाही, पुस्तकं फुकट, दुपारचं जेवण. व्हॅनमध्ये जाणारा वेळ वाचेल.

मामा : तिथंही सगळं सोन्याचं नाही. दोन वर्गांना एक गुरुजी असतात कुठंकुठं. पण तिथं एक आहे. गुरुजींना जाब विचारायला तुला परभणीला जावं लागत नाही. व्यवस्थापन समितीत गावचेच पालक असतात. आणि खासगी म्हटलं की तू नाक मुरडतेस, पण मराठवाड्यात खासगी शाळा कशा निघाल्या हेही लक्षात ठेव. निजामाच्या राज्यात परवानगीशिवाय शाळा काढता येत नव्हती. शिक्षण उर्दूत. तेव्हा हिप्परग्याला १९२१ला राष्ट्रीय शाळा निघाली, अंबाजोगाईला योगेश्वरी, आपल्या जिल्ह्यात सेलूला नूतन विद्यालय. स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याला मुख्याध्यापक होते, पुढं अंबाजोगाईला. त्याच शिक्षकांनी मुक्तिसंग्राम लढवला. त्याही खासगीच शाळा.

भाची : त्या शाळा लोकांच्या होत्या मामा, म्हणून त्यांच्यासाठी लोकांनी जीव ओवाळला. आज शाळेच्या फलकावर कुणाचं नाव असतं? संस्थापक अध्यक्ष नवरा, सचिव बायको. आमच्या लेकरांच्या फीवर शाळा चालते आणि आमच्यासाठी तिथं बसायला बाकडंही नसतं. तो पालक-शिक्षक संघ म्हणतात, त्याचा कागद मी कधी पाहिला नाही.

मामा : कागद असतो. माझ्याच हातानं लिहिलाय मी. सभा झाली नसली तरी इतिवृत्त लिहायचो. दोन-चार ओळखीच्या पालकांच्या सह्या.

मामांनी सहज सांगून टाकलेली ही गोष्ट मला या संवादातली सगळ्यात गंभीर वाटते. महाराष्ट्रानं शैक्षणिक शुल्क विनियमनाचा कायदा २०११मध्ये केला, तो २०१४पासून अमलात आहे. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत मुख्याध्यापकानं पालक-शिक्षक संघ स्थापन करायचा. प्रत्येक पालक त्याचा सभासद. त्यातून कार्यकारी समिती निवडायची ती मर्जीनं नाही, चिठ्ठ्या टाकून. फी किती असावी ते ह्या समितीपुढं ठरायचं. पुढं २०१८च्या दुरुस्तीत पालकांनाही विभागीय शुल्क नियामक समितीकडं जाता येईल अशी सोय झाली, पण अट घातली ती २५ टक्के पालकांनी एकत्र येण्याची. ही अट जाचक आहे असं माझं मत आहे. एकट्या आईला शंभर दारं ठोठावायला लावणारा कायदा पुरेसा न्याय्य नाही. पण आज तरी तो तसा आहे. म्हणून भाची ज्या निष्कर्षाला झिरो फाट्यावरून आली, त्याच निष्कर्षाला कायदाही पालकांना ढकलतो. एकट्यानं भागणार नाही.

मामा : आणि कोण येणार आहे तुझ्याबरोबर? मला अनुभव आहे. सगळे म्हणतात, तुम्ही पुढं व्हा, आम्ही मागं आहोत. मागं वळून बघितलं की रस्ता रिकामा.

भाची : मी फिरून आले. ज्यांची लेकरं उभी केली, त्या घरी. एक जण शाळेचीच व्हॅन चालवतो, तो सही करणार नाही, त्याला मी गळ घातली नाही. एकीच्या सासऱ्यांनी हाकललं. तिघी तयार आहेत.

मामा : बायकाच?

भाची : व्हॅनवर सोडायला-आणायला बायकाच असतात मामा. एकमेकींना ओळखणाऱ्या आम्हीच.

मामा : मग अर्ज एकच कर, सह्या चौघींच्या. खाली नावापुढं पाल्याचं नाव आणि तुकडी. आणि द्यायला जाताना मला बरोबर घे.

भाची : तुम्ही तर नको म्हणत होता.

मामा : आताही म्हणतोय. अजूनही वाटतं त्रास होईल. पण आवक-जावकच्या टेबलावर बसलेल्याशी कसं बोलायचं, ते तुम्हाला येणार नाही.

मामांचं मत बदललं असं मी म्हणत नाही. त्यांची भीती खरी आहे आणि ज्याच्या तालुक्यात झिरो फाटा आहे त्यानं ती हसण्यावारी नेऊ नये. त्यांचा गप बसण्याचा सल्ला मात्र मला मान्य नाही. लेकरू गप्प राहिलं म्हणजे विसरलं असं नसतं, आणि वर्ष काढणं म्हणजे त्या व्हरांड्यात रोज थोडं थोडं उभं राहणंच असतं. रागानं ऑफिसात घुसणंही मला मान्य नाही. आरडाओरडा केला की शाळेला पालकाच्या वागण्याबद्दल बोलता येतं आणि व्हरांड्याची गोष्ट मागं पडते.

जूनच्या मध्याला मराठवाड्यातल्या शाळा उघडतात. म्हणजे जुलैच्या मध्यापर्यंत प्रत्येक खासगी शाळेत पालक-शिक्षक संघाची सभा झालेली असली पाहिजे आणि समितीच्या चिठ्ठ्या पालकांसमोर निघालेल्या असल्या पाहिजेत. चुडावा, पूर्णा, ताडकळस, नांदेड, जिथं तुमचं लेकरू शिकतं तिथं यंदा ही सभा कधी आहे, ते लेखी विचारा. आपल्या लेकराशी कुणी वाईट वागण्याची वाट बघू नका. आणि विचारायला जाल तेव्हा शेजारच्या दोन आया बरोबर घेऊन जा.